ईएसपी३२ला स्क्रू टर्मिनल बोर्ड लावला, तरी तारा सैल का पडतात?

वेलमांडव

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. बागेचे चार प्लॉट आहेत. आमच्याकडे थ्री फेज लाइट बरेचदा रात्री येते, म्हणजे ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला वडिलांना रात्री-अपरात्री विहिरीवर जावं लागायचं. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी मी एक नियंत्रक बनवला. ३० पिनांचा ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), चार रिलेंचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) मॉड्यूल, २४ व्होल्ट एसीवर चालणारे चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाण्याच्या मेन लाइनवर एक प्रेशर सेन्सर (०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा) आणि मोटारीच्या अंगाला चिकटवलेला एक डीएस१८बी२० तापमान सेन्सर. मोटार तिच्या स्वतःच्या ऑटो स्टार्टरवरच चालते, तिला मी हात लावलेला नाही.

पहिल्यांदा सगळं ब्रेडबोर्डवर आणि जंपर वायरींवर होतं. पुण्यात टेबलावर महिनाभर एकदाही चुकलं नाही. मोटारीच्या खोलीत भिंतीला डबा लावला आणि त्रास सुरू झाला. साडेसात एचपीची मोटार चालू झाली की ती भिंत हाताला जाणवेल इतकी थरथरते. ऑक्टोबर छाटणी झालेली, डोळे फुटायच्या बेतात, आणि दुसऱ्या प्लॉटला सलग दोन रात्री पाणीच गेलं नाही. मोबाइलवर मला व्हॉल्व्ह उघडल्याचं दिसत होतं. शनिवारी गावी जाऊन पाहिलं तर रिले मॉड्यूलवरच्या जंपरचं टोक ढिलं पडलेलं. निघालेलंही नाही, नुसतं ढिलं. बोटाने दाबलं की रिले ‘टक’ करून लागायचा. वडील एक शब्द बोलले नाहीत, बॅटरी घेऊन पुन्हा स्वतः जायला लागले. मला ते फार लागलं.

मग तपकीर गल्लीतून ईएसपी३२चा टर्मिनल ब्रेकआउट बोर्ड आणला. मध्ये मॉड्यूल बसवायच्या मादी पट्ट्या, दोन्ही बाजूंना हिरवी स्क्रू टर्मिनल्स. सगळ्या तारा नीट सोलल्या, मल्टिस्ट्रँड असल्याने टोकांना सोल्डर मारलं, म्हणजे केसाळ तारा सुटणार नाहीत. स्क्रू घट्ट आवळले. बारा दिवस छान चाललं. तेराव्या दिवसापासून प्रेशर कधी २.१ किलो, कधी शून्य, लगेच ३. तापमान मधूनच उणे १२७. गावी जाऊन प्रेशर सेन्सरची तार हलकेच ओढली तर हातात आली, आणि स्क्रू मात्र घट्टच होता!

आणखी दोन गोष्टी सांगतो, कदाचित कामाच्या असतील. बोर्डावर जीएनडीची (ग्राउंडची, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक उणे तारेची) दोनच टर्मिनल्स आहेत, म्हणून एकात चार तारा कोंबल्या आहेत. आणि डीएस१८बी२०चा ४.७ किलोओहमचा पुल-अप (सिग्नलची तार वर खेचून ठेवणारा) रेझिस्टर ठेवायला जागा नाही, म्हणून त्याचे पाय सेन्सरच्या तारांबरोबर त्याच टर्मिनलांत घातले आहेत. प्रेशर सेन्सरचं व्होल्टेज कमी करणाऱ्या डिव्हायडरचे रेझिस्टरही तसेच.

हे बोर्डच कच्चे असतात का? की मी सरळ सगळं सोल्डर करून टाकू?

सोल्डरगन

माझं मत स्पष्ट आहे, सोल्डर करा. पाच वर्षं कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये वायरिंग माझ्याकडे होतं. मैदानावर बंद पडलेल्या यंत्रात दहापैकी आठ वेळा सांधा सुटलेला असायचा, चिप जळलेली क्वचितच. टर्मिनल बोर्डाने एक सांधा सुधारतो आणि एक वाढतो. तुमचा ईएसपी३२ त्या मादी पट्ट्यांत नुसता खोचलेला आहे, तीस पिनांवर तीस स्प्रिंगच्या पत्त्या. भिंत थरथरते म्हणता, मग ते मॉड्यूलही हळूहळू वर सरकणार. परफबोर्ड (भोकाभोकांचा, सोल्डर करायचा बोर्ड) घ्या, मॉड्यूल त्यावर सोल्डर करा, तारा सोल्डर करा, तारांना बोर्डाजवळच केबल टायने बांधा म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही. मग वर्षानुवर्षं बघायला नको.

भोसरीचा वायरमन

वेलमांडव भाऊ, तुमच्या धाग्यात तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. मी बावीस वर्षं कंट्रोल पॅनल वायरिंग करतो. एका पॅनलला सहाशे-सातशे टर्मिनेशन सहज असतात, आणि शेजारी प्रेस मशीन धडधडत असतं. तिथे स्क्रू टर्मिनल टिकतं, तर तुमच्या विहिरीवरही टिकेल.

आधी सोल्डरचं. मल्टिस्ट्रँड तारेच्या टोकाला सोल्डर मारून ते स्क्रूखाली कधीही द्यायचं नाही. आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात हेच सांगतात. कथील मऊ असतं. स्क्रूचा दाब पडला की ते त्या क्षणी घट्ट वाटतं, पण दाबाखाली हळूहळू पसरत राहतं. मोटारीच्या खोलीत दिवसा तापतं, रात्री गार होतं, त्याने आणखी वेग येतो. स्क्रू जिथल्या तिथे असतो, खालचा धातूच बारीक झालेला असतो. म्हणून स्क्रू घट्ट आणि तार हातात. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे तार एकदम कडक-मऊ होते, थरथरीने तुटते ती नेमकी तिथेच. आतले धागे तुटतात, वरून प्लास्टिक साबूत दिसतं. तुमचं वर-खाली होणारं रीडिंग असंही येऊ शकतं, तेव्हा ती टोकं कापून टाका.

दुसरं, टर्मिनलचं तोंड डोळ्यासमोर धरा आणि स्क्रू फिरवून बघा. आत एक चौकोनी पिंजरा वर-खाली होताना दिसला तर चांगलं टर्मिनल. तार पिंजऱ्यात जाते, पिंजरा वर येऊन तिला छताला दाबतो. पिंजरा दिसत नसेल आणि स्क्रूचं टोकच थेट तारेवर येत असेल तर ते स्वस्तातलं, ते धागे कापतं. मधला एक प्रकार असतो, स्क्रूखाली पातळ पत्ती असते. तोही चालतो.

पण पिंजऱ्याच्या टर्मिनलात एक फसगत आहे आणि ती भल्याभल्यांची होते. बोर्ड दुकानातून येतो तेव्हा पिंजरे अर्धवट वर असतात. तुम्ही तार घालता ती पिंजऱ्याच्या आत न जाता त्याच्या खालच्या फटीत जाते. स्क्रू आवळला की पिंजरा वर जाऊन छताला भिडतो, हाताला लागतं ‘घट्ट झाला’, आणि तार खाली मोकळी पडलेली असते. म्हणून आधी प्रत्येक स्क्रू उलटा फिरवून पिंजरा पूर्ण खाली आणायचा, मगच तार घालायची. आवळल्यावर प्रत्येक तार बोटाने ओढून बघायची, आणि एकही सोडायची नाही.

तिसरं, एका टर्मिनलात जाड तार आणि रेझिस्टरचा बारीक पाय एकत्र घातले की पिंजरा जाड तारेवर थांबतो, बारीक पाय नुसता शेजारी उभा असतो. तुमचं उणे १२७ तिथूनच येत असणार. तो आकडा म्हणजे सेन्सर सापडलाच नाही. आणि जीएनडीत चार तारा घातल्यात, त्यातल्या किती खरोखर दाबल्या गेल्यात ते कुणीच सांगू शकत नाही.

उपाय सांगतो. तारेच्या टोकाला लग (तांब्याची बारीक नळी) क्रिम्प करा, म्हणजे टूलने चेपून बसवा. ०.५ स्क्वेअरच्या (चौरस मिमीच्या) तारेला पांढरा, ०.७५ला करडा, १ला लाल, १.५ला काळा, हा नेहमीचा रंगसंकेत आहे. क्रिम्पिंग टूल रॅचेटचं घ्या, पक्कडीने चेपू नका. आणि जीएनडीसाठी बोर्डावर अवलंबून राहू नका. डब्यात वेगळी टर्मिनल पट्टी बसवा, तिच्यावर सगळे जीएनडी गोळा करा, तिथून एकच तार बोर्डाला. ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टचंही तसंच.

नवशिका

वायरमनकाका, हे वाचून मी काल दुकानात जाऊन ‘फेरूल द्या’ म्हटलं, कारण नेटवर सगळीकडे तोच शब्द आहे. त्यांनी पिवळ्या रंगाची १, २, ३ आकडे लिहिलेली रबरी कडी दिली. हेच का ते?

भोसरीचा वायरमन

नाही. पण दुकानदाराची चूक नाही. आपल्याकडे पॅनलच्या धंद्यात फेरूल म्हणजे तारेवर चढवायची नंबराची कडी. तुम्हाला हवी ती तांब्याची बारीक नळी, जिला मागे प्लास्टिकची टोपी असते. दुकानात ‘एंड सीलिंग लग’ म्हणा. कुणी पिन लग म्हणतात, कुणी सरसकट थिंबल. सगळ्यात उत्तम म्हणजे तारेचा तुकडा बरोबर न्या आणि यावर बसणारी द्या म्हणा.

पण ती नंबराची कडी परत करू नका, ती पण लागेल. तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चढवायचा, लग मारायच्या आधी, कारण नंतर ती वरून जात नाही.

आणि ज्याच्याकडे क्रिम्पिंग टूल नाही त्याने अडून बसू नये. पिंजऱ्याच्या टर्मिनलात मल्टिस्ट्रँड तार सोलून, धागे नीट पिळून, तशीच घातली तरी चांगली धरते. लहान, साडेतीन मिमी अंतराच्या टर्मिनलांना ५-६ मिमी सोला, मोठ्या ५.०८ मिमीवाल्यांना ६-७. जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर डोकावून शेजाऱ्याला लागतं, कमी सोललं तर पिंजरा प्लास्टिकवर बसतो.

चकमक

मी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून असे प्रकल्प करून घेते. वायरमनदादांनी टर्मिनलबद्दल लिहिलं ते सोनं आहे. मी बोर्ड निवडण्याबद्दल थोडं सांगते, कारण आमचा पैसा तिथे वाया गेला.

ईएसपी३२चे बोर्ड ३० पिनांचे येतात आणि ३८ पिनांचेही. दोन ओळींमधलं अंतरही बनवणाऱ्यागणिक बदलतं. नुसतं ‘ईएसपी३२चा टर्मिनल बोर्ड’ म्हणून मागवलं तर बसेलच असं नाही. काही ब्रेकआउट बोर्डांवर तीन ओळी पट्ट्या देतात, म्हणजे दोन्ही रुंदीची मॉड्यूलं बसतात. आधी पट्टीने मोजायचं, मग मागवायचं. अर्दुइनो नॅनोला हा त्रास नाही, १५-१५ पिनांच्या दोन ओळी, मध्ये १५.२४ मिमी. रास्पबेरी पाय पिकोही ठरलेला, ४० पिना आणि १७.७८ मिमी. त्यामुळे अगदी पहिलाच प्रकल्प असेल तर मी मुलांना नॅनो आणि त्याचा टर्मिनल अ‍ॅडॉप्टर देते.

दुसरं, टर्मिनलाशेजारी छापलेल्या नावावर विश्वास ठेवू नका. आमच्या एका बोर्डावर दोन नावं चक्क अदलाबदल झालेली होती. वर्गात आता नियमच आहे. नवीन बोर्ड आला की मॉड्यूल बसवायचं, मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक मॉड्यूलच्या पिनेला आणि दुसरं टर्मिनलच्या स्क्रूला. सगळ्या पिना तपासायच्या आणि वहीत टिक करायची. मुलांना यात मजा येते आणि पिनांची नावं आपोआप पाठ होतात.

तिसरं, टर्मिनल दिसतंय म्हणून ते वापरता येतंच असं नाही. ३८ पिनांच्या बोर्डावर जीपीआयओ (इनपुट-आउटपुटच्या पिना) ६ ते ११ बाहेर काढलेल्या असतात, त्या आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या आहेत, त्यांना तार लावायची नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुट, आणि त्यांना आतून पुल-अप नाही. प्रेशर सेन्सरसारखं अ‍ॅनालॉग काही असेल तर ते ३२ ते ३९मध्येच घ्या, कारण दुसऱ्या गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. आणि वेलमांडव, तुमचा डीएस१८बी२० कोणत्या पिनेवर आहे? १२वर असेल तर काढा. त्याचा पुल-अप ती पिन चालू होताना वर खेचून ठेवतो आणि बोर्ड बूटच होत नाही. सोल्डर केलेल्या बोर्डावर हे लक्षात आलं की रडू येतं. टर्मिनलवर एक स्क्रू सोडून तार शेजारी नेली की झालं. मुलांच्या हातात मी टर्मिनल बोर्ड देते ते याच कारणासाठी, चुकायला मोकळीक राहते.

वेलमांडव

ताई, प्रेशर ३४वर आहे आणि तापमान ४वर, तेवढं वाचलं. वायरमनकाका, तुम्ही पिंजऱ्याच्या खालच्या फटीचं लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, कारण बोर्ड आल्यावर मी एकही स्क्रू उलटा फिरवला नव्हता. या शनिवारी गावी जातोय.

एक विचारतो. मी स्क्रू टेस्टरने आवळतो. चालतं का?

भोसरीचा वायरमन

घराघरात तेच वापरतात, पण या कामाला नको. टेस्टरचं पातं तीन मिमीच्या वर असतं, या बारीक स्क्रूच्या खाचेत ते पूर्ण बसत नाही, कडेवर चढतं आणि खाच झिजवतं. दोन-अडीच मिमी पात्याचा छोटा पेचकस घ्या. आणि जोर मनगटाचा लावू नका, दोन बोटांचा लावा. साडेतीन मिमीवाल्या टर्मिनलांना ०.२ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, मोठ्या ५.०८वाल्यांना ०.४-०.५. त्याहून जास्त लावलं तर आटे जातात, किंवा टर्मिनलचे पाय खालच्या सोल्डरमधून हलतात. बोर्ड उलटा करून पायांची सोल्डरही भिंगाखाली बघा, तिथे गोल चीर दिसली तर पुन्हा तापवून घ्या.

राईनकाठी

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत कोलोनजवळ यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. आमच्याकडे नव्या पॅनलांत स्क्रू कमी कमी होत चाललेत, स्प्रिंगचे टर्मिनल जास्त. वागो ही मिंडेनची कंपनी १९५१पासून याच एका गोष्टीच्या मागे आहे. स्प्रिंगचा फायदा असा की तार बसली, धागे दबले, तरी स्प्रिंग मागे येऊन दाब कायम ठेवते. स्क्रूला ते जमत नाही, तो जिथे थांबला तिथे थांबला. थरथरीच्या जागी हा फरक मोठा आहे.

पण म्हणून वेलमांडव यांनी बोर्ड फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. जीएनडीची पट्टी करायची आहे तिथे लिव्हरचे पाच तोंडांचे कनेक्टर वापरा, भारतातही सहज मिळतात. लिव्हर उचला, सोललेली तार घाला, लिव्हर पाडा. त्यांना लगही लागत नाही.

आणि पुढचा बोर्ड घ्याल तेव्हा शक्य असेल तर प्लगसारखं निघणारं टर्मिनल बघा, हिरवा ठोकळा तारांसकट उपसून निघतो असा. बोर्ड बदलायचा झाला तर एकही स्क्रू सोडावा लागत नाही.

सोल्डरगन

वरचं सगळं वाचलं. टोकाला सोल्डर मारून स्क्रूखाली देऊ नये हे मलाही आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या टीममध्ये आम्ही बॅटरीच्या तारा तशाच द्यायचो, आणि प्रत्येक सामन्याआधी स्क्रू आवळत बसायचो. कारण आत्ता कळलं.

तरी मॉड्यूल खोचलेलं असण्याचा मुद्दा मी सोडत नाही. निदान ते केबल टायने ब्रेकआउट बोर्डाला बांधून घ्या, अँटेनाचा भाग मोकळा ठेवून. आणि बोर्ड भिंतीवर थेट नको, डब्याखाली रबराचे तुकडे द्या.

रेझिस्टरांसाठी मात्र सोल्डरच हवा. परफबोर्डचा काडेपेटीएवढा तुकडा घ्या. त्यावर ४.७ किलोओहम, डिव्हायडरचे दोन्ही रेझिस्टर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तारांसाठी ५.०८ मिमीची टर्मिनल्स. प्रेशर सेन्सर ४.५ व्होल्टपर्यंत जातो, तेव्हा वर १० किलोओहम, खाली २० किलोओहम, म्हणजे पिनेला जास्तीत जास्त ३ व्होल्ट. मग मुख्य टर्मिनल बोर्डात एका तोंडात एकच तार राहील.

भोसरीचा वायरमन

एका तोंडात एकच तार! सोल्डरगन, हे तुम्ही लिहिलंत याचा आनंद झाला. सोल्डर आणि स्क्रू यांचं भांडण नाहीच. रेझिस्टर सोल्डरवर, बाहेरून येणारी तार स्क्रूवर.

वेलमांडव (१० दिवसांनी)

गेल्या शनिवार-रविवारी सगळं उघडून पुन्हा केलं. काय सापडलं ते सांगतो.

एकूण १४ तारा होत्या. मोबाइलची बॅटरी लावून प्रत्येक टर्मिनलच्या तोंडात बघितलं. तीन तारा पिंजऱ्याच्या खाली होत्या. त्यांतली एक तिसऱ्या प्लॉटच्या रिलेची. ती तार इतके दिवस नुसत्या स्पर्शावर चालत होती. सोल्डर मारलेल्या टोकांपैकी पाच-सहा चपटी होऊन पानासारखी झाली होती, मी एक जपून ठेवलंय. रेझिस्टरचा एक पाय ओढायच्या आधीच खाली पडला.

टोकं कापली, नंबर चढवले, पांढरे लग क्रिम्प केले. काडेपेटीएवढा बोर्ड सोल्डर करून पुण्याहूनच नेला होता. जीएनडी आणि ५ व्होल्टला लिव्हरचे कनेक्टर. वडील शेजारी स्टुलावर बसून नंबर वाचून दाखवत होते. सगळ्या चौदा तारा मी ओढल्या, मग त्यांनी ओढल्या.

एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी. आधी मी १२ व्होल्ट थेट ब्रेकआउट बोर्डाच्या जॅकला देत होतो. त्यावरचा रेग्युलेटर चटका बसेल इतका तापायचा. हिशेब केला तर अडीचशे मिलिअँपिअर धरले तरी त्या बिचाऱ्यावर पावणेदोन वॅट उष्णता पडते. आता एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर लावून ५ व्होल्ट करून देतोय.

रीडिंग आठवडाभर एका रेषेत आहे. पण एक नवीन गोष्ट दिसतेय. मोटार बंद होताना कधीकधी ईएसपी३२ रीसेट होतो. तारा घट्ट आहेत, मग हे काय?

भोसरीचा वायरमन

हे टर्मिनलचं नाही, स्टार्टरचं आहे. त्यातल्या कॉन्टॅक्टरची (मोटार जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल सुटताना मोठा झटका मारते. सेन्सरची केबल मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणली आहे का? तसं असेल तर तो झटका तिच्यात उतरतो. सेन्सरची केबल वेगळ्या पाइपातून, निदान वीतभर लांबून आणा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्डवाली केबल घेतली तर शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. कॉइलवर बसणारा तयार सर्ज सप्रेसर मिळतो, कॉइलच्या व्होल्टेजप्रमाणे घ्यायचा. तो गावच्या वायरमनकडून मेन बंद करून बसवून घ्या.

आणि सगळ्यांसाठी एक कळकळीची सूचना. शेतावरच्या थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेकदा ४१५ व्होल्टची असते. आपल्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. उद्या कुणाला वाटेल की व्हॉल्व्ह चालतात तर स्टार्टरही याच रिलेवर घेऊ. घेऊ नका. मध्ये योग्य रेटिंगचा रिले हवा. आणि या ब्रेकआउट बोर्डाच्या टर्मिनलात तर २३० व्होल्टसुद्धा कधी आणू नका, ती टर्मिनल्स इतकी जवळजवळ आहेत की दमट हवेत तेवढं अंतर पुरत नाही. मेन लाइनची तार डब्याच्या एका बाजूला, सेन्सरच्या दुसऱ्या बाजूला.

महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. तांब्याचे धागे सुरुवातीला बसतात, पाव आटा तरी मिळेल. त्यानंतर वर्षातून एकदा पुरे.

नवशिका

माझ्या गच्चीवरच्या बागेत ओलाव्याचे सेन्सर आयटूसीवर (दोन तारांवर चिपा जोडायची पद्धत) आहेत, साधारण १५ मीटर लांब. टर्मिनल बोर्ड लावला तर ते नीट चालतील का? सध्या अधूनमधून अडकतात.

राईनकाठी

सांध्याने नाही, लांबीने अडकत असणार. आयटूसी एका बोर्डावरच्या चिपांसाठी बनवलेलं आहे, पूर्ण बसची, म्हणजे त्या सामाईक तारांची, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते. १५ मीटर केबलमध्येच ती ओलांडली जाते. आरएस-४८५वर (लांब केबलसाठीची जोडणी) मॉडबस ही भाषा बोलणारे सेन्सर घ्या. पिळलेली जोडी वापरा, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. त्यांना स्क्रू टर्मिनलच लागतात, म्हणजे इथलं सगळं तुमच्याही उपयोगाला येईल.

वेलमांडव (सात महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण ज्यांनी वेळ देऊन लिहिलं त्यांना हे कळायला हवं.

केबल वेगळी केली, सप्रेसर बसवला, रीसेट थांबले. खरडछाटणीनंतरचं सगळं पाणी या डब्यानेच दिलं. एकही प्लॉट चुकला नाही.

गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, विजा फार झाल्या. सकाळी डबा मेलेला. मी पुण्यात, कामामुळे निघणं शक्य नव्हतं. डब्याच्या झाकणात मी प्रोग्रॅम भरलेला दुसरा ईएसपी३२ ठेवलेला होता. ब्रेकआउट बोर्डावर आणि मॉड्यूलवर यूएसबीच्या बाजूला लाल टेप चिकटवली होती, म्हणजे उलटं बसणार नाही. वडिलांना फोनवर सांगितलं, मेन बंद करा, केबल टाय कापा, जुनं सरळ वर उपसा, नवीन लालवर लाल धरून दाबा. एकही तार हलवायची नव्हती. त्यांनी दहा मिनिटांत बसवलं. मग स्वतःहून विचारलं, ‘डबा उघडलाच आहे, तर तारा ओढून बघू का?’ आणि एक ते चौदा नंबर मोठ्याने म्हणत सगळ्या ओढून पाहिल्या.

सोल्डरगन, तुमच्या पद्धतीने केलं असतं तर थरथरीत ते टिकलंही असतं. पण त्या दिवशी मला गावी जावं लागलं असतं.

सोल्डरगन

पटलं. माझ्या घरच्या टाकीचा बोर्ड या रविवारी टर्मिनलवर घेतोय. काकांना माझा नमस्कार सांगा.

भोसरीचा वायरमन

वडिलांना माझाही नमस्कार. आता पावसाळा तोंडावर आहे. डब्यात केबल वरून किंवा बाजूने येत असतील तर त्या खालून घ्या, ग्लँड लावून, आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. रिकाम्या भोकांना बूच मारा. मोटारीच्या खोलीत पाली आणि मुंग्या उबेला येतातच, स्टार्टरमध्ये मी दर पावसाळ्यात काढतो. आणि झाकणात पुन्हा एक भरलेला ईएसपी३२ ठेवा, आधीचा आता वापरला गेलाय.

वेलमांडव

ठेवला काका, कालच कुरिअरने पाठवला. लाल टेप लावून.